अकरा चिठ्ठ्या आणि तारखांची एक पट्टी
(प्रकरण अभ्यास : समलिंगी प्रेमकादंबऱ्यांवर एका वाचनकट्ट्यात काय घडलं)

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेच्या एका उपनगरातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालच्या वर्गवारीत 'ब', म्हणजे अनुदान येतं, पण कधी येईल ते अनुदानालाच ठाऊक. वरच्या मजल्यावर दिवसभर अभ्यासिका चालते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला तिथली टेबलं भिंतीला सरकवायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि आमचा वाचनकट्टा बसतो. यादीत चौदा नावं, प्रत्यक्षात नऊ ते अकरा डोकी. मी २०१७ पासून त्याची समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे व्हॉट्सअॅपवर आठवण टाकणारी, प्रती जमवणारी आणि दोघं एकदम बोलायला लागले की मध्ये पडणारी.

हे सगळं नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळातलं. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कट्ट्यात ज्याला जी हाक आहे तीच इथे ठेवली आहे. बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वकीलकाका. अण्णा, रेल्वेतून निवृत्त आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर. मावशी, पोळीभाजी केंद्र चालवतात आणि कट्ट्यातलं सगळ्यात जास्त वाचन त्यांचं आहे. कल्याणहून येणाऱ्या दोन मैत्रिणी, ज्यांना सगळे 'कल्याणच्या' म्हणतात. आणि विशीतला एक मुलगा, सीएची आर्टिकलशिप करणारा, वर्षभरापूर्वी आलेला. तो कमी बोलायचा आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने अगदी बारीक खुणा करायचा.

कट्ट्याचा एकच नियम : पाळी ज्याची, पुस्तक त्याचं. २०१७ साली निवडीवरून तीन महिने भांडणं झाली तेव्हा हा नियम केला. त्यावर कुणाचा नकाराधिकार नाही.

नोव्हेंबरची पाळी वकीलकाकांची होती. १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला होता, काका त्याच विचारात होते. त्यांनी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' लावली. २००६ची कादंबरी, आकाराने लहान. घरात वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट येतो, भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, तो बहिणीबरोबर निघून जातो आणि पुढे तिलाही टाकून नाहीसा होतो. पहिल्या भागात तनय त्या निघून गेलेल्याला 'तू' म्हणत बोलत राहतो, दुसऱ्यात अनुजाची डायरी. जेरी पिंटोंनी ती २०१३मध्ये इंग्रजीत नेली, २०२२च्या चित्रपटात गोष्ट कोचीला गेली.

ती बैठक छान झाली. बाईंनी भाषेचं कौतुक केलं, घरातल्या वस्तू कशा नेमक्या येतात ते पानं उघडून दाखवलं. अण्णा म्हणाले, "लिहिलंय चांगलं. पण शेवटी हाती काय लागलं त्या पोराच्या?" सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींना भाडेकरूचा राग आला होता. "नाव नाही, गाव नाही, कुणी ओळखीचं नाही, अशा माणसाला वरची खोली दिली. चूक तिथेच झाली. माझ्या चाळीत डिपॉझिटाशिवाय किल्ली देत नाहीत." यावर इतकं हसू झालं की चहा गार झाला. आक्षेप एकाचाही नाही. घरी जाताना मला वाटलं, आपला कट्टा बराच पुढारलेला आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली होती, तिचा अर्थ मला चार महिन्यांनी लागला. वाचनालयाची प्रत २००८ साली दाखल झालेली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर पंधरा वर्षांत दोनच शिक्के, आणि शिक्क्याशेजारी आमच्या पद्धतीप्रमाणे पेनाने लिहिलेला सभासद क्रमांक. दोनदा घरी गेलेलं पुस्तक कोरं दिसायला हवं. याचा कणा मधोमध मोडलेला होता आणि पहिल्या साठ-सत्तर पानांच्या कडा अंगठ्याच्या मळाने पिवळ्या पडल्या होत्या.

अडचण

डिसेंबर नेहमीप्रमाणे दिवाळी अंकांचा. जानेवारीची पाळी त्या मुलाची. त्याने ग्रुपवर नाव टाकलं : केसी मॅक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू', २०१९ची इंग्रजी कादंबरी. खाली कारण म्हणून तीन शब्द, "शेवट गोड आहे."

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष बाईंचा मुलगा अॅलेक्स आणि इंग्लंडचा राजपुत्र हेन्री. दोघांचं पटत नाही. राजघराण्यातल्या लग्नात धक्काबुक्की होते आणि दोघं भल्यामोठ्या केकसकट खाली येतात. अब्रू वाचवायला दोन्ही बाजूंचे अधिकारी त्यांना मैत्रीचं नाटक करायला लावतात आणि नाटक करता करता खरंच प्रेम जमतं. ऐन निवडणुकीच्या तोंडावर त्यांचे ईमेल फुटतात. तरी आई निवडून येते, दोघं उजळ माथ्याने एकत्र राहतात. हलकीफुलकी, चुरचुरीत, अधूनमधून शृंगाराचे प्रसंग असलेली प्रेमकथा. ऑगस्ट २०२३मध्ये तिच्यावरचा चित्रपट प्राइमवर आला.

मराठी भाषांतर हाती नव्हतं. इंग्रजी न वाचणाऱ्या चौघांना मी सुचवलं की चित्रपट पाहा. ही माझी पहिली चूक, आणि ती निव्वळ बेफिकिरीतून झाली. मी स्वतः तोवर तो पाहिलेला नव्हता. अण्णांनी रविवारी सकाळी हॉलमध्ये टीव्हीवर लावला. सून पोहे घेऊन आली तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते अण्णांनी मला फोनवर सांगितलं नाही, पण "पोहे तसेच राहिले" एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीकडे त्यांचा अर्ज. 'वाचनालयाच्या जागेत असले कार्यक्रम घेऊ नयेत', सहीनिशी.

आता यात गंमत बघा. शरीर 'कोबाल्ट ब्लू'तही आहे. त्यातला मुलगा तर मराठी, आपल्याच घरातला, आपल्यासारखाच वाढलेला. हे दोघं सातासमुद्रापलीकडचे राजपुत्र. खरं तर जवळच्याने जास्त बोचायला हवं होतं. उलट झालं. तनयचं सगळं हातातून गेलं होतं, म्हणून तो 'बिचारा' होता, आणि बिचाऱ्याशी चांगलं वागणं आपल्याला जमतं. अॅलेक्स-हेन्री मजेत होते. त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती, आनंदच मानावा लागणार होता, आणि चार लोकांत बसून तसा आनंद मानणं म्हणजे बाजू घेणं.

अर्थात हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा माझ्यापुढे फक्त एक अर्ज होता आणि अकरा दिवस.

पर्याय

पहिला, पुस्तक पुढे ढकलायचं. अध्यक्षांना हेच हवं होतं. "मार्चनंतर बघा." पण ढकललेलं पुस्तक परत येत नसतं, आणि पाळीचा नियम एकदा मोडला की पुढच्या वेळी कुणाच्याही निवडीवर अर्ज येणार.

दुसरा, कल्याणच्यांनी सुचवला. त्यांच्या घरी बसू. त्या दोघी या प्रकारच्या कादंबऱ्या महिन्याला चार-पाच वाचतात, बहुतेक फोनवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या. 'हार्टस्टॉपर' कॉमिकपासून बर्फावरच्या हॉकीपटूंच्या प्रेमकथांपर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ. शत्रूचे प्रियकर होणं, खोटं खोटं जमवलेलं नातं, एकच खोली-एकच पलंग, अशा ठरलेल्या वाटा असतात आणि वाचक त्या बघूनच पुस्तक उचलतो, हे मला त्यांनीच शिकवलं. घरी बसणं सोपं होतं. पण मग वाचनालयात जे वाचता येत नाही ते हे, असा शिक्का आम्हीच मारला असता.

तिसरा पर्याय बाईंचा, आणि मला तो जवळजवळ पटला होता. "विषयाला ना नाही, पण दर्जा बघ. हे म्हणजे गोळ्या-बिस्किटं. ई. एम. फॉर्स्टर घे, 'मॉरिस'." बाईंनी ती वाचलेली नव्हती, मी वाचलेली होती. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९१३-१४मध्ये लिहिली आणि जन्मभर छापली नाही, ती १९७१मध्ये, तो वारल्यावर आली. का, तर शेवट गोड होता आणि इंग्लंडात तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात तो म्हणतो की एखादा पोरगा फासावर लटकवला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर काहीच अडलं नसतं. गोड शेवट मात्र त्याला हवाच होता. (जाता जाता : हाच फॉर्स्टर १९२१मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. मराठी दरबारात सहा-आठ महिने वावरलेला हा माणूस, त्याचं हे हस्तलिखित तेव्हा लिहून तयार होतं.) म्हणजे बाई पर्याय म्हणून जे सुचवत होत्या ते त्याच गुन्ह्यातलं पुस्तक, फक्त शंभर वर्षं मुरलेलं. मी बाईंना काही बोलले नाही. मात्र पुस्तक बदललं तर तो मुलगा काय समजेल, हा विचार आला आणि तो पर्याय सोडला.

वकीलकाकांना अर्जाला उत्तर द्यायचं होतं, तेही नीट. त्यांनी चंद्रकांत काकोडकरांचा खटला काढला. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली 'श्यामा' ही कथा अश्लील ठरवायला निघाले होते, सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये लेखकाला मोकळं केलं आणि समाजाच्या कसोट्या बदलत असतात हेही नोंदवलं. काकांचं म्हणणं, ज्या भाषेने हे साठ वर्षांपूर्वी पचवलं तिने आता पोहे टाकून उठू नये. मी त्यांना हात जोडले. अण्णा आमचेच आहेत, प्रतिवादी नव्हेत.

शेवटी ठरलं ते असं. बैठक ठरल्या दिवशी, वाचनालयातच, पुस्तक तेच. फक्त मतं तोंडी घ्यायची नाहीत. प्रत्येकाने निनावी चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची आणि मी ती वाचायची. म्हणजे कुणाला कुणासमोर उघडं पडायला नको. अध्यक्ष म्हणाले, "फलकावर लिहू नका, बाकी तुमचं तुम्ही बघा."

याच दरम्यान एक प्रसंग घडला, तो महत्त्वाचा. कार्यकारिणीतल्या एकाने ग्रंथपाल बाईंना विचारलं की 'कोबाल्ट ब्लू' नेणारे ते दोन सभासद कोण, जरा रजिस्टर दाखवा. ग्रंथपाल देवघेवीच्या खिडकीत बसून पुस्तकांना पुठ्ठे घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खातं ज्याचं त्यालाच दाखवते." आणि डिंकाची बाटली बंद केली.

बैठक

अकरा माणसं, अकरा चिठ्ठ्या. डबा मावशींनी आणलेला, स्टीलचा, झाकणावर त्यांच्या केंद्राचं नाव कोरलेलं. निनावीपणाची पहिली फजिती लगेच झाली. कागद मी दिला नव्हता, ज्याने त्याने आणला. एकाची चिठ्ठी बँकेच्या कॅलेंडरच्या पाठीवर, एकीची शाळेच्या चौकटीच्या वहीतली, एक चक्क औषधाच्या दुकानाच्या बिलावर. डबा उघडताच निम्म्या चिठ्ठ्या कुणाच्या ते सगळ्यांना कळलं.

तरीही मतं मोलाची होती. काही जशीच्या तशी देते.

"राजवाडे, विमानं, अंगरक्षक. यांना कसली आलीये अडचण? हेच आमच्या दोन खोल्यांत घडवून दाखवा."

"पुरुष असं बोलतात का एकमेकांशी? हे बाईच्या मनातले पुरुष वाटतात."

"ईमेलचा भाग आवडला. पत्रं लिहायचो आम्ही, त्याची आठवण झाली."

"साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. आपल्या सगळ्या कहाण्या अशाच संपतात, मग यांचंच का नको?"

ही शेवटची मावशींची, हे सांगायला कागद बघायची गरज नव्हती. श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाणीपासून इथपर्यंत त्या अशा सहज आल्या की बाईंच्याही चेहऱ्यावर हसू आलं. प्रेमकादंबरी या प्रकाराची अमेरिकेत लेखकसंघटनेने केलेली व्याख्याही तीच आहे : मध्यभागी प्रेमकथा आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा. मावशींनी ती कधी वाचलेली नाही.

दोन खोल्यांच्या मुद्द्यावर सगळ्यात चांगली चर्चा झाली. वकीलकाकांनी आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड'चं नाव काढलं. २००३ची इंग्रजी कादंबरी, मुंबईची, मध्यमवयीन पत्रकार आणि दलित तरुण, चर्चगेटपासून सुरू होणारी. तिच्यात जागा नसणं, पैसा नसणं, जात असणं सगळं आहे, आणि म्हणूनच तिथे सुफळ संपूर्ण नाही. कल्याणची थोरली म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे खरं हवं असेल तर सुख नाही, आणि सुख हवं असेल तर राजपुत्र. मधलं कुणी लिहिलंय का मराठीत?" यावर कुणाला पटकन नाव सुचलं नाही. माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं समीक्षेचं वाक्य हेच होतं.

मग 'बाईच्या मनातले पुरुष' हा मुद्दा आला. कल्याणच्या धाकटीने मान्य केलं की या कादंबऱ्यांच्या लेखिका आणि वाचक बहुतांशी बायकाच असतात, आणि यावरून तिकडे बरीच भांडणं झाली आहेत. समलिंगी वगैरे लेखकांच्या साहित्यासाठी काम करणाऱ्या लॅम्डा लिटररी या अमेरिकी संस्थेने २००९मध्ये आपले पुरस्कार फक्त स्वतः समलिंगी वगैरे असलेल्या लेखकांपुरते ठेवले, नंतर २०११मध्ये तो नियम मागे घेतला. मग तिने अमेरिकी लेखिका बेकी अल्बर्टाली यांची गोष्ट सांगितली. समलिंगी शाळकरी मुलावरची त्यांची कादंबरी २०१५ची. वाचक वर्षानुवर्षं विचारत राहिले, तू कोण हे लिहिणारी, तुझा काय अधिकार? अखेर २०२०मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपण उभयलैंगिक (बायसेक्शुअल) आहोत. मनाची तयारी नसताना, निव्वळ लोकांच्या दबावाने. "म्हणजे पुस्तकावर मत द्यायचं सोडून माणसाला विचारलं, तू कोण आहेस," धाकटी म्हणाली. मला ते फार पटलं. मी वहीत लिहूनही घेतलं.

यानंतर पाच मिनिटांत मी काय केलं ते आता सांगते.

अकरावी चिठ्ठी मी वाचली नव्हती. डब्यात हात घालताना दिसली, दोन ओळी होत्या, अशांना औषधपाणी करायला हवं अशा अर्थाच्या. मी ती दुमडून पर्सच्या कप्प्यात सरकवली. वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. पण अण्णांनी हयात तिकिटांच्या हिशोबात काढलेली. "दहाच झाल्या," ते म्हणाले, "माझी राहिली." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी तेच वाक्य तोंडाने सांगितलं. शांतपणे सांगितलं, शिवीगाळ नाही. त्याने जास्तच लागलं.

कुणी काही बोलेना. ती शांतता मला सोसवेना. तोल सावरायला म्हणून मी त्या मुलाकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग ना रे. तुला यातलं जास्त कळतं."

वरचा पंखा कुरकुरत होता तेवढाच आवाज. बाकीची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याचे कान लाल झाले. त्याने पेन्सिल खिशाला लावली, "ताई, उद्या लवकर ऑडिटला जायचंय," म्हणाला आणि उठला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. पुस्तक टेबलावरच राहिलं.

तो समलिंगी आहे की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आज नाही, आणि ते माहीत करून घेणं माझं काम नव्हे. त्याला गोड शेवटाचं पुस्तक आवडलं होतं एवढंच त्याने आम्हाला सांगितलं होतं. बाकीचं मी जोडलं, तेही सगळ्यांसमोर, चांगुलपणाच्या आवाजात. अण्णांच्या वाक्यावर वाद घालता आला असता. माझ्या वाक्यातून त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

त्यानंतर

कल्याणच्या थोरलीने स्टेशनपर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही. फलाटावर म्हणाली, "अण्णांपेक्षा तुमचा राग आलाय."

फोन करावा की न करावा यात दोन दिवस गेले. फोनवर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून लिहिलं : "परवा मी तुला तसं विचारायला नको होतं. चूक माझी. याला उत्तर द्यायची गरज नाही. तुझं पुस्तक काउंटरवर पाकिटात ठेवलंय." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तो कट्ट्याला पुन्हा आला नाही.

फेब्रुवारीत सहा जण जमले. अण्णांचा अर्ज कार्यकारिणीने 'नोंद घेतली' म्हणून फाइलला लावला, म्हणजे मान्यही नाही, फेटाळलाही नाही. अण्णा दोन महिने आले नाहीत, एप्रिलमध्ये आले आणि खुर्ची ओढून नेहमीच्या जागी बसले. त्यांचं मत बदललंय असा माझा समज नाही. मावशींनी त्यांना चहा दिला, साखर विचारली नाही, कारण त्यांना माहीत आहे.

बाईंनी 'मॉरिस' वाचली. परत देताना म्हणाल्या, "शेवट गोड आहे हो याचा. तुला माहीत होतं, तरी बोलली नाहीस." मग थोडं थांबून म्हणाल्या की शाळेत असताना त्या ना. सी. फडक्यांच्या प्रेमकादंबऱ्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायच्या, कारण वडील त्यांनाही गोळ्या-बिस्किटंच म्हणायचे. मी फडक्यांचं नाव काढलंच नव्हतं.

मार्चमध्ये ग्रंथपालांनी मला खिडकीशी बोलावलं. मुलाने पाकीट नेलं नव्हतं. उलट एक कागद आला होता : सदर पुस्तक वाचनालयास भेट, देणगीदाराचे नाव नोंदवू नये. तारीख होती, सही नव्हती. सहीशिवाय भेट घेता येते का यावर त्यांनी नियमाचं पुस्तक चाळलं, मग स्वतःच 'एका वाचकाकडून' असं दाखल रजिस्टरात लिहिलं आणि क्रमांक टाकला. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायला मी रबर घेतला तर म्हणाल्या, "राहू द्या. वाचकाला सोबत होते."

तेव्हाच मी त्यांना 'कोबाल्ट ब्लू'च्या मळलेल्या कडांचं विचारलं. त्या हसल्या. "मागच्या रॅकच्या कोपऱ्यात उभं राहून वाचतात. वर्षानुवर्षं. मला खिडकीतून पाठ दिसते, चेहरा नाही. काही जण चार-पाच दिवस लागोपाठ येतात आणि संपलं की थांबतात." घरी का नेत नाहीत? त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. शिक्क्याशेजारचा सभासद क्रमांक. तीन हजार सभासदांच्या गावात क्रमांकावरून माणूस सापडायला कितीसा वेळ लागतो?

वेगळं काय करता आलं असतं

चित्रपट सुचवण्याआधी तो स्वतः पाहायला हवा होता, हे उघड आहे. कागद एकसारखे कापून, पेनंही एकाच रंगाची ठेवायला हवी होती. आणि चिठ्ठ्या मी घरी नेऊन, एका हाताने उतरवून मग वाचायला हव्या होत्या. निनावी म्हणायचं आणि बँकेच्या कॅलेंडरवर लिहू द्यायचं, हा शुद्ध आळस.

अकराव्या चिठ्ठीचं काय करायला हवं होतं, यावर आम्हा आयोजकांत अजून एकमत नाही. कल्याणच्या म्हणतात, सुरुवातीलाच सांगायचं की माणसांबद्दलची चिठ्ठी वाचणार नाही, फक्त पुस्तकाबद्दलची वाचू. वकीलकाका म्हणतात, वाचायची आणि लगेच उत्तर द्यायचं. मला पहिलं पटतं. पण एक नक्की, लपवायची नव्हती. लपवल्यामुळे अण्णांना ती बोलण्याचा हक्क आणि कारण दोन्ही मिळालं.

शांतता झाली तेव्हा बोलायला मीच पुढे व्हायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती : अण्णा, हे आजाराचं प्रकरण नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्ह्याचंही नाही, आता पुस्तकाकडे वळू. समन्वयकाचं काम तेवढंच. ते मी वयाने सगळ्यात लहान माणसाच्या अंगावर टाकलं.

सगळ्यात आधी मात्र हे विचारायला हवं होतं की अशा पुस्तकावर गोलात बसून मत मागायचंच का. 'मतं मोकळेपणाने मांडा' म्हटलं की ज्यांना मोकळेपणाची किंमत मोजावी लागत नाही तेच मोकळे बोलतात. नोव्हेंबरमध्ये आम्ही जे बोललो ते किती पुस्तकाबद्दल होतं आणि किती शेजारच्या खुर्चीला ऐकवण्यासाठी, हे मी आता सांगू शकत नाही. पंधरा वर्षं रॅकच्या कोपऱ्यात उभं राहून वाचणाऱ्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी ते कडांवर होतंच.

सध्या

एप्रिलच्या कार्यकारिणीत ग्रंथपालांनी एक कलम मांडलं. पुस्तकातल्या पट्टीवर यापुढे फक्त परतीची तारीख, सभासद क्रमांक केवळ काउंटरच्या नोंदीत. कारण दिलं, 'वेळेची बचत'. चर्चा न होता मंजूर झालं. अण्णांनी अनुमोदन दिलं.

'कोबाल्ट ब्लू'ची जुनी पट्टी काढून नवी लावली. जूनच्या कट्ट्याला वर जाताना मी रॅकशी थांबले. पुस्तक जागेवर नव्हतं. राजपुत्राचंही नव्हतं. त्या फटीत शेजारची जाड कादंबरी आडवी कलंडली होती, ती उभी केली आणि वर गेले. टेबलं सरकवायची होती.